पेडॉटच्या थरावर पेशी वाढवायच्या असतील तर

फिजिक्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स शिकून आलेली मुलं खारघरला आमच्या पेशी-संवर्धनाच्या खोलीत येतात, तेव्हा त्यांच्या हातात बहुधा एक छोटी डबी असते. डबीत सिलिका जेलची पुडी आणि पेडॉट या वीज वाहणाऱ्या पॉलिमरचा फिकट निळसर थर दिलेल्या कव्हरस्लिप, म्हणजे काचेच्या पातळ चकत्या. या थरापासून त्यांना मेंदूसारखं, आधीचे संकेत लक्षात ठेवणारं उपकरण बनवायचं असतं. त्यांचा प्रश्न एकच असतो : ‘यावर पेशी जगतात का, एवढं बघून द्याल?’

प्रश्न रास्त आहे. फक्त त्याचं उत्तर ‘एवढं बघून’ मिळत नाही. थरावरच्या पेशी मेल्या, तर थर विषारी होता की पेशीच आधीपासून आजारी होत्या हे वेगळं सांगता आलं पाहिजे. माझ्या अनुभवात पहिल्या वर्षी हाती येणारे ‘मटेरियलचे परिणाम’ पुष्कळदा पेशींच्या स्वतःच्या तब्येतीचे परिणाम असतात. म्हणून या लेखात पेशींना जास्त जागा दिली आहे आणि उपकरणाला कमी. पेशींच्या गोठवलेल्या व्हायलपासून (छोट्या कुपीपासून) उपकरणावरच्या पहिल्या मोजमापापर्यंतच्या पायऱ्या आम्ही ज्या क्रमाने करतो, त्याच क्रमाने मांडल्या आहेत.

कर्करोगाच्याच पेशी का?

मेंदूसारख्या उपकरणासाठी खऱ्या चेतापेशी का घेत नाही, असं प्रत्येक जण विचारतो. पक्व चेतापेशी विभागत नाहीत, त्यामुळे त्या फ्लास्कमध्ये वाढवून साठवता येत नाहीत. कर्करोगाच्या पेशी विभागत राहतात, आणि त्यातल्या काहींनी आपला मूळ चेतासंस्थेचा स्वभाव टिकवलेला असतो. एसएच-एसवाय५वाय ही अशी सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत पिढ्यान् पिढ्या वाढवत ठेवलेला पेशींचा एक वंश. तिची मूळ लाइन एसके-एन-एसएच १९७० साली एका चार वर्षांच्या मुलीच्या अस्थिमज्जेतून मिळाली. तिला न्यूरोब्लास्टोमा, म्हणजे अपक्व चेतापेशींचा कर्करोग होता. त्या पेशींची तीनदा निवड करत पुढे एसएच-एसवाय५वाय तयार झाली. दर वेळी फ्लास्क उघडताना त्या मुलीची आठवण ठेवा असं मी नव्या मुलांना सांगते. वर्षानुवर्षं हाताळल्यावर पेशी ‘सामान’ वाटू लागतात, तसं होऊ नये.

दुसरी उपयोगी लाइन पीसी१२. ती १९७६ मध्ये रॅट जातीच्या उंदराच्या अधिवृक्क ग्रंथीतल्या गाठीतून तयार झाली आणि ती डोपामाइन हे चेतापेशींमधलं संदेशवाहक रसायन साठवते, सोडते. २०२० मध्ये ‘नेचर मटेरियल्स’मध्ये आलेल्या एका कामात हीच पीसी१२ पेडॉट:पीएसएसच्या (पेडॉट आणि पीएसएस या दोन पॉलिमरच्या मिश्रणाच्या) उपकरणावर वाढवली होती. पेशींनी सोडलेल्या डोपामाइनचं इलेक्ट्रोडवर ऑक्सिडीकरण झालं आणि उपकरणाची वाहकता बदलली. दोन चेतापेशींमधला सांधा म्हणजे सिनॅप्स, तो इथे अर्धा जिवंत, अर्धा पॉलिमरचा. कर्करोगाचं जीवशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्स एका काचेवर कसं भेटतं, हे यापेक्षा सोपं करून सांगता येणार नाही.

एक सावधगिरी मात्र सतत हवी. या पेशी कर्करोगाच्या आहेत. एसएच-एसवाय५वायमध्ये एएलके जनुकात बदल आहे आणि तो तिला वाढत ठेवतो. थरावर ती जगली म्हणजे निरोगी चेतापेशी जगेल असा निष्कर्ष काढू नका. ती मेली, तर मात्र तुमच्या थराकडे गंभीरपणे बघायला हवं.

पायरी १ : पेशी आणणं आणि त्या कोणत्या आहेत हे तपासणं

शेजारच्या प्रयोगशाळेतल्या मित्राकडून फ्लास्क आणू नका. मैत्री कितीही घट्ट असो, पेशी अधिकृत साठ्यातूनच घ्या. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राकडे असा साठा आहे. पेशी गोठवलेल्या न येता मीडियाने (पेशींच्या द्रव अन्नाने) काठोकाठ भरलेल्या फ्लास्कमध्ये आल्या, तर फ्लास्क बाहेरून ७० टक्के अल्कोहोलने पुसा, काही तास इनक्युबेटरमध्ये तसाच ठेवा आणि मगच जादा मीडिया काढा. तो फेकू नका, त्या पेशींना त्याच मीडियाची सवय आहे. पहिले दोन दिवस अर्धा जुना, अर्धा नवा असा द्या.

पेशींची ओळख पटवण्यासाठी एसटीआर प्रोफाइल (डीएनएतल्या छोट्या पुनरावृत्तींवरून पटणारी ओळख) करून घ्या आणि ते प्रसिद्ध नोंदीशी ताडून बघा. ८० टक्के किंवा त्याहून अधिक जुळणी असेल तर लाइन तीच मानतात. हा खर्च टाळण्याकडे सगळ्यांचा कल असतो. पण १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून वाढवलेल्या हेला पेशी इतक्या जोमदार निघाल्या की त्या जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये दुसऱ्यांच्या फ्लास्कात शिरल्या. १९६०च्या दशकात स्टॅन्ली गार्टलर यांनी एका विकराच्या प्रकारावरून दाखवून दिलं की वेगवेगळ्या नावांनी वाढणाऱ्या कितीतरी लाइन्स प्रत्यक्षात हेलाच आहेत. हे आजही घडतं. पीसी१२ उंदराची असल्याने मानवी एसटीआर तिला लागू पडत नाही, तिच्यासाठी प्रजाती ओळखणारी चाचणी करावी लागते.

तोंडाच्या कर्करोगावर काम करणाऱ्यांसाठी मुंबईतच तयार झालेल्या एडब्ल्यू १३५१६ आणि एडब्ल्यू ८५०७ या लाइन्स आहेत. टाटा मेमोरियलचं आजचं खारघरचं कर्करोग संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक ज्या संस्थेतून वाढलं ती परळला १९५२ मध्ये डॉ. वसंत खानोलकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झाली होती. त्या पिढीने इथल्या रुग्णांच्या आजारांवरून इथले प्रश्न विचारले. आपल्या प्रयोगाची पेशी निवडतानाही तीच सवय चांगली.

पायरी २ : व्हायल वितळवणं

द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांवर असतो. द्रवात बुडालेल्या व्हायलच्या झाकणातून तो आत झिरपला असेल, तर बाहेर काढताच व्हायल फुटू शकते. तोंडावर पूर्ण फेसशील्ड, जाड हातमोजे आणि बंद बूट हवेत. चपला घालून टाकीजवळ जाऊ नका.

व्हायल ३७ अंशांच्या पाण्यात धरा, पण झाकण पाण्याच्या वर राहू द्या, कारण वॉटर बाथचं पाणी कधीच निर्जंतुक नसतं. मिनिट-दीड मिनिटात बर्फाचा एक छोटा खडा उरला की बाहेर काढा, अल्कोहोलने पुसा आणि हूडमध्ये (गाळलेल्या हवेच्या निर्जंतुक कपाटात) न्या. ९ मिलिलिटर कोमट मीडियात आतला द्रव थेंब-थेंब सोडा. हे सावकाश करा, कारण एकदम पातळ केलं तर गोठवताना आत गेलेलं डीएमएसओ (बर्फाच्या स्फटिकांपासून वाचवणारं विद्रावक) बाहेर निघण्याआधीच पाणी पेशीत शिरतं आणि पेशी फुगून फुटते. मग सेंट्रिफ्यूजमध्ये १५० ते २०० जी वर (गुरुत्वाच्या इतक्या पट जोराने) ५ मिनिटं फिरवा, वरचा द्रव काढा आणि पेशी टी-२५ फ्लास्कमध्ये घाला.

मीडियाबद्दल वाद आहेत. आम्ही डीएमईएम आणि एफ-१२ हे दोन तयार मीडिया समान प्रमाणात, त्यात १० टक्के सीरम वापरतो. अँटिबायोटिक वितळवताना पहिले काही दिवस ठीक, नंतर बंद करा. कायम पेनिसिलिनवर वाढवलेल्या पेशींमध्ये जंतू दिसत नाहीत, पण ते असतात.

दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली बघाल तेव्हा बऱ्याच पेशी तरंगताना दिसतील. घाबरू नका आणि त्या ओतून टाकू नका. एसएच-एसवाय५वायमध्ये चिकटलेल्या आणि तरंगणाऱ्या अशा दोन्ही जिवंत पेशी असतात. मीडिया बदलताना तरंगणाऱ्या गोळा करून परत घाला. नाहीतर दर वेळी तुम्ही नकळत एकाच प्रकारच्या पेशींची निवड करत राहाल आणि सहा महिन्यांनी तुमची लाइन मूळ लाइनसारखी उरणार नाही.

पायरी ३ : पावसाळ्यात फ्लास्क सांभाळणं

हे कुठल्याच परदेशी प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं नसतं. जून ते सप्टेंबर खारघरच्या डोंगराखाली हवा इतकी दमट असते की पुठ्ठ्याचा खोका दोन दिवसांत मऊ पडतो, आठवड्यात त्यावर बुरशी धरते. तोच खोका संवर्धनाच्या खोलीत आला की बीजाणू हवेत जातात. त्यामुळे प्लास्टिकवेअरचे खोके बाहेरच उघडायचे आणि आत फक्त सीलबंद पाकिटं आणायची. भिजलेली छत्री, ओले बूट, पाठीवरची सॅक यांपैकी काहीही दाराच्या आत येऊ द्यायचं नाही. एसीतून टपकणारं पाणी हूडजवळ पडत असेल तर काम थांबवून आधी ते दुरुस्त करून घ्या.

इनक्युबेटरच्या तळाच्या ट्रेमधलं पाणी आठवड्याला बदला, निर्जंतुक ऊर्ध्वपातित पाणीच भरा. नळाचं पाणी भरलेला ट्रे म्हणजे बुरशीची शेती. वीज गेली तर पहिला नियम : दार उघडू नका. बंद इनक्युबेटर हळूहळूच थंड होतो. ‘पेशी ठीक आहेत ना’ बघायला उघडलेल्या दारानेच जास्त नुकसान होतं.

मीडियाचा रंग रोज बघा. त्यातलं फिनॉल रेड आम्लाकडे झुकलं की पिवळं होतं, अल्काकडे झुकलं की गडद गुलाबी-जांभळं. सगळेच फ्लास्क एकदम गुलाबी दिसले तर कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर संपला आहे असं समजा. एकच फ्लास्क रातोरात पिवळा आणि गढूळ झाला तर तो जंतूंचा. त्याला वाचवायच्या फंदात पडू नका. झाकण न काढता हूडबाहेर न्या, हायपोक्लोराइट (ब्लीच) घाला, किमान अर्धा तास ठेवा.

हूड पुसायला ७० टक्केच अल्कोहोल का, शुद्ध का नाही, हा प्रश्न मुलाखतीतही येतो. प्रथिनं विस्कटायला पाणी लागतं, आणि पाणी मिसळलेलं अल्कोहोल पृष्ठभागावर जास्त वेळ टिकतं. शुद्ध अल्कोहोल काम होण्याआधी उडून जातं.

पायरी ४ : मायकोप्लाझ्मा

मायकोप्लाझ्मा म्हणजे पेशी-संवर्धनात नकळत शिरणारे अतिशय बारीक जिवाणू. त्यांची चाचणी वगळली म्हणून माझे दोन महिने गेले. खारघरला येण्यापूर्वी मी जिथे काम करत होते तिथली गोष्ट. पेडॉटच्या थरावर पेशी पहिल्या दिवशी चिकटायच्या आणि तिसऱ्या दिवशी पापुद्र्यासारख्या निघून यायच्या. काचेवर मात्र त्या टिकून होत्या. मी थर धुण्याची पद्धत बदलली, तापवण्याचं तापमान बदललं, नवं रसायन मागवलं. मीडिया स्वच्छ, रंग ठीक, सूक्ष्मदर्शकात काहीच नाही. शेवटी एका ज्येष्ठ तंत्रज्ञ मावशींनी विचारलं, ‘मायकोची पीसीआर कधी केली होतीस?’ पीसीआर म्हणजे जंतूचा डीएनए वाढवून शोधणारी चाचणी. ती केलीच नव्हती. नमुना पॉझिटिव्ह निघाला. पेशी सगळीकडेच आजारी होत्या. काचेवर त्या कशाबशा तग धरत होत्या आणि थोड्या अवघड पृष्ठभागावर हरत होत्या. थराचा काहीही दोष नव्हता.

मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिका नसते, त्यामुळे पेनिसिलिनचा त्याच्यावर परिणाम होत नाही. तो इतका बारीक आणि लवचीक असतो की ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही निसटू शकतो. मीडिया तो गढूळ करत नाही, पेशींचं अन्न मात्र खातो. चाचणीआधी पेशी दोन-तीन दिवस अँटिबायोटिकशिवाय आणि मीडिया न बदलता वाढू द्या, मग तो मीडिया पीसीआरला द्या. सोबत डीएपीआय या डीएनएला चिकटणाऱ्या चमकत्या रंगाने रंगवून बघा : केंद्रकाबाहेर चमकणारे बारीक ठिपके दिसले तर संशय पक्का. नवी लाइन आली की ती निकाल येईपर्यंत वेगळ्या इनक्युबेटरमध्ये ठेवा आणि पुढे दर महिन्याला तपासा. पॉझिटिव्ह फ्लास्क औषध देऊन बरा करण्यापेक्षा फेकून जुन्या स्वच्छ साठ्यातून नवी व्हायल काढणं मला जास्त पटतं.

त्यासाठी स्वच्छ साठा आधीच केलेला हवा. निकाल निगेटिव्ह आला की लगेच दहा-बारा व्हायल गोठवा : ९० टक्के सीरम, १० टक्के डीएमएसओ, दर व्हायलमध्ये १० ते २० लाख पेशी. तापमान मिनिटाला साधारण १ अंशाने उतरलं पाहिजे, म्हणून आयसोप्रोपेनॉलच्या डब्यात ठेवून रात्रभर उणे ८० अंशांवर आणि दुसऱ्या दिवशी द्रव नायट्रोजनमध्ये. उणे ८० मध्ये महिनोन्‌महिने विसरलेली व्हायल नीट उठत नाही.

पायरी ५ : थर तयार करणं

हे काम पेशी-प्रयोगशाळेत होत नाही. आयआयटी मुंबईच्या नॅनोफॅब्रिकेशन सुविधेत बाहेरच्या संशोधकांसाठी आयएनयूपी हा कार्यक्रम आहे, त्याची चौकशी जरूर करा. पवईहून कव्हरस्लिप आणताना कांजूरमार्गहून ठाणे, आणि ठाण्याहून पनवेल गाडीने खारघर असा आमचा नेहमीचा रस्ता. डबी हवाबंद, आत सिलिका जेल, आणि चकत्या थर वर करून एकमेकींना न लागता ठेवलेल्या. पेडॉट:पीएसएस हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात उघड्या ठेवलेल्या थराचा विद्युतरोध दुपारपर्यंत बदललेला असतो.

आमची कृती अशी. १२ मिलिमीटरच्या गोल कव्हरस्लिप साबणाचं पाणी, शुद्ध पाणी, अ‍ॅसिटोन आणि आयसोप्रोपेनॉल या क्रमाने सोनिकेटरमध्ये धुवा आणि नंतर ऑक्सिजन प्लाझ्मा द्या, म्हणजे द्रव पृष्ठभागावर पसरेल. पेडॉट:पीएसएसच्या द्रावणात सुमारे ५ टक्के एथिलीन ग्लायकॉल घालतात, त्याने वाहकता वाढते. १ टक्का जीओपीएस घालतात, तो साखळ्या एकमेकींना आणि काचेला बांधून ठेवतो. जीओपीएस नसेल तर थर मीडियात सुटून येतो. जास्त झाला तर वाहकता घटते. द्रावण ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, मिनिटाला २,००० फेऱ्यांवर एक मिनिट फिरवून पसरवा आणि १४० अंशांवर एक तास तापवा.

यानंतरच्या धुण्यात घाई झाली की सगळं फसतं. पीएसएस हे आम्ल आहे. त्याचा सुटा अंश थरात राहिला तर तो मीडियात उतरतो आणि पेशींना चटका देतो. चकत्या शुद्ध पाण्यात २४ तास भिजवा, पाणी तीनदा बदला. शेवटच्या पाण्याचा पीएच बघा : साध्या पाण्याइतकाच आला पाहिजे.

निर्जंतुक करण्यासाठी हूडमध्ये ७० टक्के अल्कोहोलमध्ये २० मिनिटं, मग निर्जंतुक बफरने (पीएच स्थिर ठेवणाऱ्या क्षारांच्या द्रावणाने) तीनदा धुवा. यूव्हीच्या दिव्यावर एकट्यावर विसंबू नका. शेवटी ०.०१ टक्के पॉली-एल-लायसिनचा लेप एक तास द्या आणि तो नीट धुऊन काढा, उरलेलं लायसिन पेशींना मारक असतं. साध्या काचेलाही अगदी हाच लेप, तितकाच वेळ, त्याच बाटलीतून.

पायरी ६ : मोजून पेरणं

फ्लास्क ७० ते ८० टक्के भरला की बफरने धुवा, ०.०५ टक्के ट्रिप्सिन (पेशी तळापासून सोडवणारं विकर) १ मिलिलिटर घाला. एसएच-एसवाय५वाय दोन-तीन मिनिटांत सुटते. फ्लास्कला हलकी टिचकी मारा, आपटू नका. सीरम असलेला मीडिया घालून ट्रिप्सिन थांबवा, फिरवा, नव्या मीडियात हलक्या हाताने मिसळा.

मोजायला ट्रायपन ब्लू समान प्रमाणात. मेलेल्या पेशी निळ्या दिसतात. समजा हिमोसायटोमीटरच्या (पेशी मोजायच्या आखीव काचेच्या) चार कोपऱ्यांतल्या चौकटींत ४२, ३८, ४५ आणि ३५ जिवंत पेशी आल्या. सरासरी ४०. रंगामुळे दुप्पट पातळ झालं म्हणून गुणिले २, आणि चौकटीचं आकारमान ०.१ मायक्रोलिटर म्हणून गुणिले १०,०००. म्हणजे दर मिलिलिटरला ८ लाख. निळ्या ८ दिसल्या तर १६८ पैकी १६० जिवंत, साधारण ९५ टक्के. हा आकडा ९० च्या खाली असेल तर त्या दिवशी प्रयोग करू नका. चकत्या डेसिकेटरमध्ये आणखी आठवडाभर थांबू शकतात.

२४ खान्यांच्या प्लेटची आमची मांडणी : थरावर पेशी ६, काचेवर पेशी ६, नुसत्या प्लास्टिकवर पेशी ४, पेशींशिवाय थर ३, पेशींशिवाय काच ३, आणि उरलेल्या दोन खान्यांत काचेवरच्या पेशींना १० टक्के डीएमएसओ देऊन मुद्दाम मारायचं. चाचणी खरंच मृत्यू पकडते का, हे त्या दोनांवरून कळतं. एकाच गटाचे सगळे खाने कडेला येऊ देऊ नका, कडेचं पाणी लवकर उडतं. दर खान्यात अर्धा मिलिलिटर, त्यात ५०,००० पेशी. १८ खान्यांना ९ मिलिलिटर लागतील, १० करा : १.२५ मिलिलिटर पेशी आणि ८.७५ मिलिलिटर मीडिया. पिपेटने घालताना दर तीन खान्यांनंतर नळी उलटसुलट करा, पेशी खाली बसतात. पेरल्यावर प्लेट गोल फिरवू नका, सगळ्या मधोमध जमतील. पुढे-मागे, डावी-उजवीकडे हलवा.

पायरी ७ : जगल्या का?

४८ तासांनी आधी डोळ्यांनी बघा. थरावरच्या पेशी चपट्या, टोकं काढलेल्या आहेत की गोल? आकडे नंतर.

एमटीटी (जिवंत पेशी ज्या रसायनाचे जांभळे स्फटिक करतात, त्याची चाचणी) करण्यापूर्वी कव्हरस्लिप चिमट्याने उचलून नव्या प्लेटमध्ये ठेवा. १२ मिलिमीटरची चकती खान्याचा पूर्ण तळ झाकत नाही. भोवतीच्या प्लास्टिकवर वाढलेल्या पेशी मोजल्या गेल्या, तर कुठलाही थर चांगलाच ठरेल. प्लास्टिकवरच्या चार खान्यांचं क्षेत्रफळ वेगळं असल्याने त्यांचा आकडा तुलनेत घेऊ नका. ते पेशींची एकूण तब्येत दाखवायला आहेत.

०.५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर एमटीटी, तीन तास. जांभळे स्फटिक ३०० मायक्रोलिटर डीएमएसओमध्ये विरघळवा, त्यातले १०० मायक्रोलिटर ९६ खान्यांच्या प्लेटमध्ये घेऊन ५७० नॅनोमीटरवर वाचा. थर असलेली काच वाचनयंत्रात तशीच ठेवू नका, कारण तिचा स्वतःचा निळा रंग मिसळतो. शिवाय पेडॉट स्वतः इलेक्ट्रॉन देतो-घेतो, त्यामुळे पेशी नसतानाही तो एमटीटीचा रंग थोडा बदलू शकतो. पेशींशिवायचे तीन थर यासाठीच ठेवले होते.

समजा थरावर पेशी ०.६२, पेशींशिवाय थर ०.१४, काचेवर पेशी ०.५८, पेशींशिवाय काच ०.०५. वजाबाकी न करता बघितलं तर १०७ टक्के, म्हणजे थरावर पेशी काचेपेक्षाही खूश. वजाबाकी करून ०.४८ भागिले ०.५३, म्हणजे ९१ टक्के. हा खरा आकडा, आणि तोही चांगलाच आहे : आयएसओ १०९९३-५ या मानकानुसार ७० टक्क्यांच्या खाली गेलं तर विषारी परिणाम धरतात. खात्रीसाठी कॅल्सिन-एएम आणि प्रोपिडियम आयोडाइडने जिवंत हिरव्या, मृत लाल असे फोटो काढा.

आकडा कमी आला तर थर २४ तास मीडियात भिजवा आणि तो मीडिया काचेवरच्या निरोगी पेशींना द्या. त्या मेल्या तर थरातून काहीतरी उतरतं आहे, धुणं वाढवा. त्या जगल्या तर अडचण चिकटण्याची आहे, लेप बदला. आणि एका प्लेटमधले सहा खाने म्हणजे सहा प्रयोग नव्हेत. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पॅसेजमधून (पेशी जुन्या फ्लास्कातून नव्यात हलवण्याची एक खेप म्हणजे एक पॅसेज) तीनदा केलेलं काम म्हणजे तीन.

पायरी ८ : उपकरणावर

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना इथून पुढचं माझ्यापेक्षा चांगलं माहीत असतं, म्हणून थोडक्यात. १९७१ मध्ये लिऑन चुआ यांनी ‘मेमरिस्टर’ची कल्पना मांडली, म्हणजे आपल्यातून गेलेला विद्युतभार लक्षात ठेवणारा घटक. २००८ मध्ये एचपीच्या प्रयोगशाळेने टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये तो दाखवला. पेडॉटची ‘आठवण’ वेगळ्या रस्त्याने येते : गेटवर, म्हणजे प्रवाहावर ताबा ठेवणाऱ्या इलेक्ट्रोडवर, धन विद्युतदाब दिला की द्रवातले धन आयन थरात शिरतात, भारवाहक कमी होतात, प्रवाह घटतो. आयन सावकाश बाहेर पडत असताना दुसरा स्पंद आला तर परिणाम साठत जातो. मीठ-पाण्यात, आयनांच्या भाषेत चालतं, म्हणूनच ते पेशींशी जुळतं.

क्रम मोडू नका. आधी उपकरण बफरमध्ये, मग पेशींशिवाय कल्चर मीडियात इनक्युबेटरमध्ये २४ तास, आणि मगच पेशी. मीडियातली प्रथिनं थरावर बसून प्रवाह हळूहळू सरकवतात. ते सरकणं किती आहे हे आधी कळलं नाही, तर तुम्ही त्यालाच पेशींचा संकेत समजाल. दाब १ व्होल्टच्या बराच खाली ठेवा, ०.३ च्या आसपास सुरुवात करा. पाण्याचं विघटन १.२३ व्होल्टला होतं, पण पेशींना त्याआधीच त्रास होतो. गेटसाठी सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडची तार पेशी असताना वापरू नका, चांदीचे आयन त्यांना मारतात. सोन्याचा किंवा पेडॉटचाच गेट घ्या.

एसएच-एसवाय५वायला चेतापेशीसारखं वळण द्यायचं असेल तर सीरम १ टक्क्यावर आणा आणि १० मायक्रोमोलर रेटिनॉइक अ‍ॅसिड पाच ते सात दिवस द्या, बाटली फॉइलमध्ये गुंडाळून, कारण ते प्रकाशात खराब होतं. त्याच्या विद्रावकाचा तितकाच अंश दिलेला एक गट सोबत हवाच. लांब तंतू फुटलेले दिसले की उपकरणावर घ्या. २० पॅसेजच्या पुढची पेशी यासाठी वापरू नका, ती वळत नाही.

डोपामाइनचा संकेतच बघायचा असेल तर पीसी१२ घ्या. पण पहिल्यांदा पेशींशिवाय, बाटलीतलं डोपामाइन द्या. ते हवेत तपकिरी पडतं, म्हणून दर वेळी ताजं. ते टिकावं म्हणून अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड घालायचा मोह होईल, घालू नका. तेही इलेक्ट्रोडवर ऑक्सिडीकृत होतं आणि तुमचा संकेत झाकून टाकतं.

मोजमाप संपलं की पेशी असलेला मीडिया १ टक्का हायपोक्लोराइटमध्ये अर्धा तास, मग सिंकमध्ये. हायपोक्लोराइट घातलेलं काहीही ऑटोक्लेव्हमध्ये टाकू नका, विषारी वायू सुटतो. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार कल्चरचा कचरा पिवळ्या पिशवीत, दूषित प्लास्टिक लाल पिशवीत, फुटलेल्या काचा निळ्या खुणेच्या खोक्यात. उपकरण परत वापरायचं असेल तर हायपोक्लोराइट त्याला लावू नका, ते पेडॉटची वाहकता संपवतं. पेशी ट्रिप्सिनने सोडवा, ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, शुद्ध पाण्याने धुवा, वाळवून डेसिकेटरमध्ये टाका आणि डबीवर लिहा : तारीख, सेल लाइन, पॅसेज क्रमांक, कितव्यांदा वापरलं, आणि मायकोप्लाझ्माची शेवटची चाचणी कधी झाली.